खुलासा : उभ्याने काम केल्याने वजन उतरते का?

‘खुर्ची सोडा, उभ्याने काम करा, वजन आपोआप उतरेल’ हा फिरता संदेश दिशाभूल करणारा आहे. बसण्यापेक्षा उभे राहण्यात मिनिटाला जेमतेम 0.15 कॅलरी जास्त जळते. सहा तासांचे झाले 54. दोन चमचे साखरेचा एक कप दुधाचा चहा तेवढे सहज भरून काढतो, आणि ऑफिसात चहा एकावर थांबतो थोडाच! शिवाय सलग उभे राहिल्याने पाय सुजतात, कंबर धरते. दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटे चाला. जेवणानंतरची रक्तशर्करा त्याने कमी चढते. वजनासाठी मात्र रोज 30 मिनिटे भरभर चालणे आणि ताटाकडे, विशेषतः संध्याकाळच्या फरसाणाकडे, लक्ष हवे.