न हरण्याचं बक्षीस

२६ जूनची रात्र काही केल्या डोक्यातून जात नाहीये. युरो, म्हणजे युरोपीय देशांची २०२४ची फुटबॉल स्पर्धा, संपली. स्पेनने करंडक नेला आणि तोही सातच्या सात सामने जिंकून. सोळा वर्षांच्या यमालने उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध केलेला गोल मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. त्या संघाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तरीही महिनाभर जागून पाहिलेल्या या स्पर्धेने माझ्या हातात नक्की काय ठेवलं, असा विचार करायला लागलो की आधी स्टुटगार्ट आठवतं. युक्रेन विरुद्ध बेल्जियम.

२६ जून हा 'ई' गटाचा शेवटचा दिवस होता. रोमानिया, बेल्जियम, स्लोव्हाकिया, युक्रेन, चौघांचेही ३-३ गुण. कागदावर यापेक्षा रंगतदार शेवटचा दिवस कुणाला मुद्दाम आखूनही जमणार नाही. कुणीही पहिला येऊ शकतो, कुणीही घरी जाऊ शकतो. दोन्ही सामने एकाच वेळी सुरू झाले. फ्रँकफर्टमध्ये स्लोव्हाकियाने आघाडी घेतली, ३७व्या मिनिटाला रोमानियाने पेनल्टीवर बरोबरी केली. त्यानंतर दोन्ही मैदानांवर मिळून एकही गोल झाला नाही. फ्रँकफर्टला १-१, स्टुटगार्टला ०-०. चौघांचेही ४-४ गुण झाले, तिघे पुढे गेले आणि युक्रेन बाहेर पडलं.

शेवटी शेवटी बेल्जियमला कॉर्नर मिळाला. जिंकले असते तर ते गटात पहिले आले असते आणि पुढच्या फेरीत फ्रान्स टळला असता. तरी त्यांनी कॉर्नर आखूड खेळला आणि चेंडू तिथेच फिरवत ठेवला. बरोबरी पुरेशी होती ना. सामना संपल्यावर त्यांच्याच चाहत्यांनी शिट्ट्या मारून हुर्यो उडवली, तेव्हा अभिवादनाला निघालेल्या सहकाऱ्यांना कर्णधार डी ब्रुईनेने मागे वळवलं आणि संघ आत निघून गेला. ते दृश्य पाहून मला चाहत्यांचा राग आला नाही आणि खरं सांगायचं तर डी ब्रुईनेचाही आला नाही. दोघांनाही या अवस्थेत आणून सोडलंय ते नियमाने.

नियम साधा आहे. २४ संघ, चार-चारचे सहा गट. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे जातात आणि सहा तिसऱ्यांपैकी सरस चौघेही जातात. म्हणजे ३६ सामने खेळून बाहेर जातात फक्त ८ संघ. १९९६ ते २०१२ या काळात युरोत १६ संघ असायचे, गटातले पहिले दोन पुढे जायचे आणि २४ सामन्यांत ८ संघ बाहेर पडायचे. बाहेर पडणारे तेवढेच, सामने मात्र १२ जास्त. या वाढीव १२ सामन्यांतून आम्हा पाहणाऱ्यांना काय मिळालं?

'सी' गट बघा. इंग्लंड, डेन्मार्क, स्लोव्हेनिया, सर्बिया. सहा सामन्यांत ७ गोल. त्यातल्या पाच बरोबऱ्या, आणि निकाल लागला तो फक्त इंग्लंडने सर्बियाला १-० हरवलं तेव्हा. शेवटच्या दिवशी कोलोन आणि म्युनिकला एकाच वेळी दोन सामने चालू होते आणि दोन्हीकडे मिळून शून्य गोल. कोलोनला इंग्लंडच्या चाहत्यांनी आपलेच प्रशिक्षक साउथगेट यांच्या दिशेने प्लास्टिकचे पेले भिरकावले. तसं करणं वाईटच. पण त्या लोकांनी सुट्ट्या टाकल्या होत्या, प्रवास केला होता, तिकिटं काढली होती, आणि समोर हॅरी केन, बेलिंगहॅम, फोडेन असलेला संघ चेंडू आडवा आडवा ढकलत होता.

हा गट पाहताना सतत वाटत होतं की हे आपण आधी कुठेतरी पाहिलंय. मग आठवलं. १९९०च्या विश्वचषकातला 'एफ' गट. इंग्लंड, आयर्लंड, नेदरलँड्स, इजिप्त. सहा सामने, पाच बरोबऱ्या, एकूण ७ गोल, आणि एकमेव विजय इंग्लंडचा, १-०. आकडान् आकडा तोच. चौतीस वर्षांचं अंतर असलेल्या या दोन गटांमध्ये एक गोष्ट सारखी होती. तेव्हाही २४ संघ होते आणि तेव्हाही तिसऱ्यांना पुढे जायची मुभा होती.

१९९०चा विश्वचषक हा माझा पहिला. मी शाळेत होतो. खुलिट, रायकार्ड आणि फान बास्टन यांच्यामुळे त्या वयात नेदरलँड्सच्या प्रेमात पडलो, ते आजतागायत. दोन वर्षांपूर्वी युरो जिंकलेला हा संघ जगाला पळता भुई थोडी करणार अशी माझी खात्री होती. पालेर्मोला आयर्लंडविरुद्ध खुलिटने सुरुवातीलाच गोल केला तेव्हा मी नाचलो होतो. ७१व्या मिनिटाला आयर्लंडच्या क्विनने बरोबरी केली. आणि मग हळूहळू सामना थांबलाच. कुणी जखमी झालं नव्हतं, पंचांनी शिट्टी वाजवली नव्हती, पण खेळ थांबला. इकडून तिकडे सावकाश पास, मग गोलरक्षकाकडे, परत बचावपटूकडे. तिकडे कॅलिअरीत इंग्लंड इजिप्तला हरवत होतं, म्हणजे इकडे बरोबरी झाली की दोघेही पुढे. हे काय चाललंय, असं मी वडिलांना विचारलं. "दोघांचंही काम झालंय," ते म्हणाले. एवढंच. मला ते कळलं आणि अजिबात आवडलं नाही. फान बास्टनने त्या स्पर्धेत एकही गोल केला नाही. माझा संघ तीन बरोबऱ्यांवर पुढे गेला आणि पश्चिम जर्मनीकडून २-१ हरून घरी आला. आयर्लंड तर एकही सामना न जिंकता उपउपांत्यपूर्व फेरी शूटआउटच्या जोरावर पार करून उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचलं.

तो विश्वचषक कंटाळवाणा झाला हे तेव्हा सगळ्यांनीच मान्य केलं. ५२ सामन्यांत ११५ गोल, सामन्यामागे २.२१. इतकी कमी सरासरी विश्वचषकात ना आधी होती, ना नंतर आली. कॅमेरूनच्या मिलाचा कॉर्नरच्या झेंड्यापाशी केलेला नाच आणि इटलीच्या स्किलाचीचे विस्फारलेले डोळे सोडले तर लोकांना त्यातलं फारसं आठवत नाही. पण त्यानंतर काय झालं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. १९९२ मध्ये नियम बदलला आणि सहकाऱ्याने पायाने मुद्दाम दिलेला पास गोलरक्षकाला हातात घेणं बंद झालं. १९९४च्या विश्वचषकात विजयाला दोनऐवजी ३ गुण मिळू लागले. १९९८ मध्ये ३२ संघ आले आणि तिसऱ्यांची सवलत गेली. प्रत्येक गटातले पहिले दोन, बस्स. चाहते निराश झाले होते आणि खेळ चालवणाऱ्यांनी त्या निराशेची दखल घेतली होती.

त्याच्याही आधी हे एकदा झालं होतं. १९८२च्या विश्वचषकात स्पेनमधल्या हिहॉनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाचा सामना होता. त्याच गटातल्या अल्जीरियाचे सामने आदल्याच दिवशी संपलेले असल्यामुळे किती गोलांनी पुरतंय हे दोघांनाही ठाऊक होतं. दहाव्या मिनिटाला जर्मनीच्या हृबेशने गोल केला आणि उरलेली ऐंशी मिनिटं नुसती काढली गेली. अल्जीरिया बाहेर पडलं, त्याच पश्चिम जर्मनीला हरवलेलं असूनही. स्टँडमधले अल्जीरियन चाहते नोटा फडकावत होते. त्यानंतर गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळवायचं ठरलं.

आता मुद्दा असा की तिसऱ्यांची सवलत आली की एकाच वेळी सामने खेळवून काही उपयोग राहत नाही. तुलना गटाच्या आत नसते, सहा गटांमध्ये असते, आणि सहा गट काही एका दिवशी संपत नाहीत. २०२४ला २३ ते २६ जून असे चार दिवस लागले. 'ई' गट मैदानात उतरला तोपर्यंत ४ गुणांवर तिसऱ्या क्रमांकालाही धोका नाही हे सगळ्यांना कळलेलं होतं. रोमानिया आणि स्लोव्हाकिया ठरवून खेळले असं मी अजिबात म्हणणार नाही. ठरवायची गरजच नव्हती. गणित सगळ्यांसमोर मांडलेलं होतं.

उलट हंगेरीचं बघा. २३ जूनला स्कॉटलंडविरुद्ध शंभराव्या मिनिटाला चोबोथने गोल केला. काय तो जल्लोष! सहकारी वार्गाला भयंकर इजा होऊन स्ट्रेचरवरून न्यावं लागलं होतं, त्या धक्क्यातून सावरत मिळवलेला विजय होता तो. आणि मग तीन दिवस नुसतं बसून राहायचं. आपलं काय होणार हे दुसऱ्यांच्या सामन्यांवरून कळायचं. २६ जूनला जॉर्जिया जिंकलं आणि हंगेरी हॉटेलात बसल्या बसल्या बाहेर पडलं. ज्या सामन्यात आपण हरतो, निदान त्या सामन्यात आपण मैदानावर असायला हवं की नको?

आणि युक्रेन. देशात युद्ध चालू असलेला संघ. स्लोव्हाकियाविरुद्ध मागे पडून २-१ ने जिंकलेला. ४ गुण मिळवून बाहेर. स्लोव्हेनिया एकही सामना न जिंकता ३ गुणांवर पुढे. स्लोव्हेनियाचा मला राग नाही, त्यांनी पुढे पोर्तुगालला १२० मिनिटं गोल करू दिला नाही, त्यांचा गोलरक्षक ओब्लाकने रोनाल्डोची पेनल्टी अडवली, जीव तोडून खेळले ते. पण जी पद्धत विजयापेक्षा बरोबरीला जास्त सांभाळून घेते ती मला न्याय्य वाटत नाही. २०१६ला पोर्तुगाल तीन बरोबऱ्यांनी गटात तिसरं आलं आणि चॅम्पियन झालं. सात सामन्यांत ९० मिनिटांच्या आत जिंकलेला सामना एकच, वेल्सविरुद्धचा उपांत्य. तेव्हाच हे कळायला हवं होतं.

इथे एक गोष्ट लपवायची नाही. २०२४ला माझा लाडका नेदरलँड्सही गटात तिसराच होता. ऑस्ट्रियाकडून ३-२ हरला, सवलतीवर पुढे गेला, रोमानियाला आणि तुर्कस्तानला हरवून उपांत्य फेरीत पोहोचला. तिथे ९०व्या मिनिटाला इंग्लंडच्या वॉटकिन्सने तो गोल करेपर्यंत मी अंतिम फेरीची स्वप्नं पाहत होतो. तरी सांगतो, आम्ही गटातच बाहेर जायला हवं होतं. ऑस्ट्रियाने आम्हाला सरळ हरवलं होतं.

यावर लोक जॉर्जियाचं नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. पहिल्यांदाच आलेला संघ, पोर्तुगालला २-० हरवतो, क्वारात्सखेलिया दुसऱ्याच मिनिटाला गोल करतो. तिसऱ्यांना जागा नसती तर ती रात्र दिसली असती का? मी याचा बराच विचार केला. पोर्तुगालचं पहिलं स्थान आधीच पक्कं होतं आणि त्यांनी बहुतेक संघ बदलून उतरवला होता, हे एक. पण खरं उत्तर वेगळं आहे. जॉर्जियाला जिंकणं भाग होतं. बरोबरी चालणार नव्हती, म्हणून ते तसे धावले. तुर्कस्तानविरुद्ध डॉर्टमुंडच्या पावसात ते ३-१ ने हरले तेव्हाही ते तसेच धावले होते, आणि तो गटसाखळीतला माझ्या मते सगळ्यात देखणा सामना होता. लहान देशांना दार उघडं असावं याला माझा विरोध नाही. २०१६ला आइसलँड आणि वेल्सने जे केलं ते कोण विसरेल? पण ते दोघेही आपापल्या गटात पहिल्या दोघांत आले होते. त्यांना सवलत लागली नाही.

खेळाडू दमलेत हेही खरं आहे. क्लबचा हंगाम संपवून थेट इथे. २०२५च्या उन्हाळ्यात ३२ क्लबांचा विश्वचषक होता, त्याविरुद्ध खेळाडूंच्या संघटना कोर्टात गेल्या होत्या. या युरोत सहा जणांनी ३-३ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान वाटून घेतला, यातच काय ते आलं. फ्रान्स उपांत्य फेरीत पोहोचलं तेव्हा त्यांच्या खात्यावर दोन स्वयंगोल आणि एक पेनल्टी होती. एम्बापे, ग्रीझमन असलेल्या संघाची ही कथा.

म्हणून मला २०२६च्या विश्वचषकाची धास्ती वाटते. ४८ संघ, १२ गट, १०४ सामने. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि १२ तिसऱ्यांपैकी ८ पुढे. गटांचे ७२ सामने खेळून १६ संघ बाहेर जाणार. २०२२च्या विश्वचषकात कतारमध्ये गटांच्या ४८ सामन्यांत १६ संघ बाहेर गेले होते. पुन्हा तेच. बाहेर जाणारे तेवढेच, सामने २४ जास्त.

कतारमधला २ डिसेंबर आठवतो ना? कोरियाला पोर्तुगालविरुद्ध जिंकायलाच हवं होतं. ९१व्या मिनिटाला सोन एकटा अर्धं मैदान धावत गेला, बचावपटूंच्या पायांमधून पास दिला आणि ह्वांगने गोल केला. २-१. पण तिकडे उरुग्वे घानाविरुद्ध २-० ने पुढे होतं आणि सामना संपला नव्हता. त्यांनी आणखी एक गोल केला तर कोरिया बाहेर. मग कोरियाचे खेळाडू मैदानाच्या मध्यभागी रिंगण करून उभे राहिले आणि एका फोनवर तो सामना बघू लागले. तिकडे राखीव खेळाडूंच्या बाकावर उरुग्वेचा सुआरेझ रडत होता. कोरिया ४ गुण, उरुग्वे ४ गुण, गोलफरकही सारखाच. कोरियाने गोल जास्त केले होते म्हणून ते पुढे.

नव्या पद्धतीत तिसऱ्याला ४ गुण बहुतेक पुरतील. म्हणजे त्या संध्याकाळी कोरियाचे खेळाडू शिट्टी वाजल्यावर सरळ हस्तांदोलन करून आत गेले असते. फोन काढायची कुणाला गरजच पडली नसती.