काकांनी चुकीचं दार ठोठावलं

परवा मावशीच्या यजमानांचा फोन आला. "कोर्टात माहितीचा अधिकार टाकला होता, नाकारला रे. काहीतरी शिजतंय आत." वाटपाच्या दाव्यात तालुका कोर्टाचा निकाल विरोधात गेलेला, त्याची नक्कल हवी होती.

शिजत काही नव्हतं. गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच सांगितलंय की नकलांसाठी कोर्टाचे स्वतःचे नियम असतील, तर त्याच वाटेने जायचं. म्हणजे नकला विभाग. पक्षकाराने साधा नक्कल अर्ज करायचा, फी भरायची. तिऱ्हाईताला मात्र कारण द्यावं लागतं.

"पण मोबाइलवर तर सगळं दिसतं की!" दिसतं. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक दाव्याचा सोळा अक्षर-आकड्यांचा स्वतंत्र क्रमांक, टाकला की पुढची तारीख कळते, अपलोड झाला असेल तर निकालही वाचता येतो. पण त्यावर शिक्का नसतो, आणि अपिलाला शिक्क्याचीच नक्कल लागते. हे त्या स्क्रीनवर ठळक लिहायला काय जातं? जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. काकांच्या मोबाइलवर दिसणारा निकाल मात्र इंग्रजीत. का हरलो, हे कळायलाही वकीलच गाठायचा.

माझं ऐकाल तर निकालाबरोबर रोजनाम्याचीही नक्कल मागा. कोण हजर होतं, मुदत कुणी मागितली, निशाणी ५ वर, म्हणजे मनाईच्या अर्जावर, काय झालं, हे तारीखवार तिथे सापडतं. "समोरचाच तारखा घेतो" असं काका वर्षानुवर्षं म्हणत आले. रोजनाम्यात निम्मे मुदतीचे अर्ज आमच्याच वकिलांचे निघाले. काका त्यावर काही बोलले नाहीत.

खरा घोर मुदतीचा होता. जिल्हा न्यायालयात अपिलाला तीस दिवस. नक्कल मिळायला लागलेले दिवस कायदा त्यातून वगळतो, माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट पाहण्यात गेलेले नाही. फोन आला तेव्हा चोवीस दिवस उलटले होते.

दुसऱ्या दिवशी दहालाच खिडकीवर उभे राहिलो. नकलेच्या शेवटच्या पानावर अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, या तारखा असतात; वगळायचे दिवस त्यावरूनच मोजतात. अर्ज आत सरकवताना काका लिपिकाला म्हणाले, "साहेब, आजची तारीख जरा ठळक घाला."