मेणबत्ती घासली की कापड वॉटरप्रूफ?

व्हॉट्सॲपवर आणि रील्समध्ये एक युक्ती फिरते: जुनी मेणबत्ती कुठल्याही कापडावर घासा, वरून इस्त्री फिरवा, झालं वॉटरप्रूफ कापड. त्याची बॅग शिवा, रेनकोट शिवा, पोळ्या गुंडाळा, मळलं तर मशीनला लावा. मेण लावलेल्या सुती कापडावरून पाणी ओघळून जातं, एवढं यातलं खरं. बाकीचं एकेक घेऊ.

‘वॉटरप्रूफ.’ मेण धाग्यांत मुरतं म्हणून थेंब पसरत नाही. पण विणीतली सगळी छिद्रं बुजतातच असं नाही, आणि सुई नवी भोकं पाडते ती वेगळीच. भुरभुर पावसात बॅग कोरडी राहील. कोकणातल्या जुलैच्या सरींत तासभर काढला किंवा भरलेली बॅग ओल्या बाकावर टेकवली, तर शिवणीतून पाणी आत येणार. रेनकोटला तर हे कापड नकोच: हवा खेळत नाही, दमट दिवसांत माणूस आतून घामानेच भिजतो. त्यासाठी पीयू कोटिंगचं, म्हणजे पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेलं नायलॉन घ्यावं. मेणाचं कापड बॅगेला, एप्रनला, हत्यारांच्या गुंडाळीला चांगलं.

‘कुठलंही कापड.’ पॉलिस्टर आणि नायलॉन मेण पीत नाहीत, थर वरच राहून पापुद्रे सुटतात. जाड मांजरपाट किंवा कॅनव्हास घ्या. आधी गरम पाण्यात साबणाने धुवून खळ काढा, कंडिशनर घालू नका. आटायचं ते याच धुण्यात आटू द्या, कारण मेण लागल्यावर असं धुणं नाही. रंगही गडद होतो, म्हणून आधी तुकड्यावर करून बघा.

‘जुनी मेणबत्ती.’ खरी गडबड इथे आहे. बाजारातली मेणबत्ती बहुधा पॅराफिनची असते. नुसतं पॅराफिन थंड झालं की ठिसूळ होतं आणि घडीवर भेगा पडतात. बाटिकमध्ये, म्हणजे मेण लावून कापड रंगवण्याच्या कलेत, नेमक्या या भेगाच हव्या असतात, म्हणून तिथे पॅराफिनचं प्रमाण वाढवतात. बॅगेत त्याच भेगांतून पाणी शिरतं. मधमाशीचं मेण लवचीक असतं आणि 62 ते 64 अंश सेल्सियसला वितळतं. दोन भाग मधमाशीचं मेण आणि एक भाग पॅराफिन हे मिश्रण बॅगेसाठी ठीक बसतं.

मऊपणासाठी त्यात खोबरेल घालण्याचा सल्लाही सोबत फिरतो. खोबरेल साधारण 24 अंशांनाच पातळ होतं. म्हणजे आपल्याकडे ते बहुतेक काळ कापडातून पाझरत राहणार, कपड्यांना डाग लावणार आणि पुढे खवट वास मारणार. जवसाचं तेल हवेत सुकतं, पण त्यात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. घरात तो उद्योग नको.

मेण किती लागेल ते वजनकाट्यावर ठरवा. कापडाचं वजन 30 ते 40 टक्क्यांनी वाढलं पाहिजे. चौरस मीटरला 300 ग्रॅम भरणाऱ्या कॅनव्हासला 90 ते 120 ग्रॅम मेण लागेल. कमी पडलं तर पाणी जागोजागी मुरतं. जास्त झालं तर कापड चिकटतं आणि नखाचा ओरखडाही पांढरा उठतो. मेण थेट आचेवर ठेवू नका. पातेल्यात पाणी उकळून त्यात स्टीलचं भांडं ठेवा. चुकून पेटलंच तर गॅस बंद करून झाकण घाला, पाणी मुळीच ओतू नका. पातळ मेण जुन्या ब्रशने भराभर लावा. ते लगेच थिजतं, त्यामुळे गोळे दिसले तरी हरकत नाही.

‘वरून इस्त्री.’ इस्त्रीच्या तळाला मेण लागलं की पुढचा सदरा गेला. कापड दोन बटर पेपरांमध्ये ठेवा, वाफ बंद करा, कमी आचेवर सावकाश फिरवा. सगळीकडे सारखा ओला-गडद रंग दिसला की मेण मुरलं. गरम असतानाच उचलून टांगा आणि एक दिवस तसंच राहू द्या.

‘मग शिवा.’ क्रम उलटा हवा. मेणाच्या कापडात टाचणीचं भोकही राहतं, बक्रम (ताठपणासाठी आतून लावायचं कडक कापड) चिकटत नाही, शिवण इस्त्रीने बसवता येत नाही. म्हणून बॅगेचं बाहेरचं कवच आधी शिवा, त्याला मेण लावा, आणि अस्तर सगळ्यात शेवटी हाताने जोडा; आधी जोडलं तर तेही मेण पिऊन बसतं. मेण लावलेलंच कापड शिवायची वेळ आली तर टाचण्यांऐवजी चिमटे, 16 नंबरची सुई, पॉलिस्टर दोरा आणि साडेतीन ते चार मिलिमीटरचा टाका. उसवावं लागलं तर भोकं दिसणार. शिवून झाल्यावर शिवणीवर मेणाची वडी घासून हेअर ड्रायरने मुरवा.

‘पोळ्या गुंडाळा.’ गरम पोळीने मेण सुटतं. रंगीत, सुगंधी मेणबत्ती तर खाण्याजवळही नको. शुद्ध मधमाशीचं मेण लावलेलं पातळ सुती कापड थंड, कोरड्या पदार्थांपुरतं चालतं. कच्चं मासे-मटण त्यात ठेवू नये, कारण ते कापड नंतर गरम पाण्याने धुता येत नाही.

‘मशीनला लावा.’ गरम पाण्याने मेण सुटून पाइपात जाऊन थिजतं, साबणाने उरलंसुरलं निघतं. थंड पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात घडी घालून कपाटात ठेवलं तर बुरशी येते, उन्हातल्या गाडीत राहिलं तर मेण सीटला लागतं. पाणी जिथे मुरायला लागेल तेवढ्याच जागी पुन्हा वडी घासा, सगळी बॅग परत करायची गरज नसते.