अण्णा, ते युरेनियम हिरोशिमात शोधू नका

अशोक चौकातल्या आमच्या ग्रुपवर चार दिवस एक मेसेज फिरतोय. ‘हिरोशिमा आज कसं फुललंय बघा. बॉम्बचं युरेनियम केव्हाच संपलं. त्याचे किरण साधा कागदही भेदत नाहीत. डिप्लीटेड युरेनियम तर जीव गेलेलं. आणि युरेनियम मातीत असतंच, मग भीती कसली?’ अण्णा, तुम्हीही तो पुढे पाठवलात, म्हणून लिहितोय.

हिरोशिमा फुललंय, खरंच आहे. 6 ऑगस्ट 1945 ला बॉम्ब जमिनीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर फुटला. त्यातल्या साधारण 64 किलो युरेनियमपैकी एक किलोचंसुद्धा विखंडन झालं नाही, म्हणजे त्याचे अणू फुटले नाहीत. उरलेलं धुरासोबत वर जाऊन विरळ पसरलं, म्हणून शहर पुन्हा वसलं. संपलं मात्र नाही. बॉम्बमध्ये वापरलेला त्याचा प्रकार, युरेनियम-235, निम्मा व्हायलाच 70 कोटी वर्षं लागतात.

कागदाची गोष्ट तर आपल्या सोलापुरात कुणाला सांगावी लागू नये. माझे वडील तीस वर्षं मागावर होते. घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानाच्या पाळीवर कापसाची पांढरी तूस बसलेली असायची. आई ओल्या पंच्याने पुसायची की ती तूस निघून जायची. छातीत गेलेली कुणाला पुसता आली नाही. रात्र रात्र खोकायचे. युरेनियमचे किरण म्हणजे मुख्यतः अल्फा कण, ते कातडीवर अडतात, हे बरोबर. पण त्याची बारीक धूळ श्वासातून फुफ्फुसात बसली, तर तिथे कुठला कागद आडवा येणार? किरण सोडा, हा जड धातू मुळात विषारी आहे. पाण्यातून पोटात गेला की पहिला मार मूत्रपिंडाला बसतो.

डिप्लीटेड युरेनियम म्हणजे बरंचसं युरेनियम-235 काढून घेतल्यावर उरलेलं युरेनियम. त्यात नैसर्गिक युरेनियमच्या सुमारे 60 टक्के किरणोत्सर्ग उरतो, विषारीपणा तर तसाच. 1991 च्या आखाती युद्धात त्याचा सुमारे 300 टन दारूगोळा वापरला गेला. रणगाड्यावर आदळला की तो पेट घेतो आणि धूळ होतो. इराकमधल्या प्रत्येक कॅन्सरचं खापर त्यावर फोडणं मलाही पटत नाही, पण जळक्या रणगाड्यात पोरं खेळायला चढणार असतील तर ते निरुपद्रवी कसं म्हणायचं?

राहिली माती. मातीत ते टनामागे दोन-तीन ग्रॅम असतं. बॉम्बसाठी खणून काढलं की गोष्ट वेगळी होते. अमेरिकेत नवाहो या मूलनिवासी लोकांच्या जमिनीतून 1944 ते 1986 दरम्यान जवळपास 3 कोटी टन खनिज काढलं. पाचशेहून जास्त खाणी तशाच सोडून दिल्या. खाणीत युरेनियमपासून बनणारा किरणोत्सर्गी रेडॉन वायू श्वासातून घेतलेले कामगार फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले. काहींनी खाणीतलेच दगड आणून घरं बांधली, काही विहिरींच्या पाण्यात युरेनियम उतरलं. 1990 मध्ये अमेरिकेने कायदा करून खाणकामगारांना एकेक लाख डॉलर भरपाई ठरवली. बॉम्ब पडला जपानात, अण्णा. ही माणसं त्यांच्याच गावात, कामावर जाऊन मेली.