शेवटचे नऊ किलोमीटर

मुंबई ते नाशिकरोड सुमारे 188 किलोमीटर. जनरलचं तिकीट शंभराच्या आत. त्यात 1865 साली डोंगर फोडून काढलेला थळघाट येतो, 37 फुटांमागे एक फूट चढ येतो, कसाऱ्याला गाडी ढकलायला लावलेली जादा इंजिनंही येतात. पुढे नाशकातल्या पंचवटी कारंजापर्यंत सपाट डांबरी रस्ता. काल रात्री रिक्षावाल्याकडे त्याचा भाव निघाला अडीचशे.

"मीटरने चला ना."

"मीटर आहे की साहेब. आरटीओच्या पासिंगला लावलाय."

शेंगदाण्याची पुडी घेऊन उभे असलेले एक काका, त्यांना कुणी विचारलेलं नसताना, मध्ये पडले. "ट्रामने जायचं."

"कुठल्या ट्रामने?"

"घोड्यांच्या. 1889ला सुरू झाली. इथून थेट मेनरोड."

"काका, ती बंद पडून नव्वद वर्षं झाली."

"मग? तेव्हाच जायला हवं होतं तुम्ही."

एक दाणा तोंडात टाकून ते रिक्षावाल्याकडे वळले. "घोडा कधी म्हणाला का रे, येताना रिकामं यावं लागतं?"

"घोड्यावर बँकेचा हप्ता नव्हता, काका."

काकांनी विचार केला. "हेही खरंय. द्या हो अडीचशे." आणि पुडीचा बोळा करून निघून गेले. वकील आपला आणि निकाल समोरच्याच्या बाजूने!

मुळात रूळ इगतपुरीहून मनमाडकडे निघाले आणि गोदाकाठचं गाव बाजूला राहिलं. तेव्हापासून नाशिकला येणारा माणूस नाशकात उतरतच नाही. चार नंबरला उतरलात तर सिन्नर फाट्याकडचं दार टाळा, पूल चढून एक नंबरला या. दिवसा बिटको चौकापर्यंत चालत गेलं की शेअर रिक्षा मिळते : उपनगर, द्वारका, शालिमार. मागे तिघं, ड्रायव्हरच्या अर्ध्या सीटवर चौथा, बॅग मांडीवर. द्वारकेला जो वेळ जातो तेवढ्यात घाट चढून होईल. रात्री उशिरा सिटीबस नाही, शेअरही नाही, आणि हे रिक्षावाल्यांना वेळापत्रकापेक्षा पक्कं पाठ असतं. दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो, रस्ते रुंद होतात, स्टेशनला रंग लागतो. मीटर पाडायचा योग मात्र कुठल्याच पर्वणीत नाही.

घासाघीस करून दोनशे चाळीसवर आणलं. कारंजाला अडीचशे दिले, तर "सुट्टे नाहीत."

"अहो, 1928पासून नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे, आणि तुमच्याकडे दहा रुपये नाहीत?"

"छापखान्यात नोटा छापतात, साहेब. नाणी मुंबईच्या टांकसाळीत पडतात. तिकडूनच आलात ना? घेऊन यायची."