शिऱ्याचं फ्रेंच आणि ऑटवातल्या आया

कॅनडात कायम राहायच्या परवान्यासाठी, म्हणजे पीआरसाठी, स्कोअर बघून माणसं निवडतात तो ड्रॉ. त्यातल्या परवाच्या फ्रेंचवाल्या ड्रॉपासून शिऱ्या जमिनीवर नाहीच्चे. कटऑफ चारशेच्या खाली, आणि बाकीचे बिचारे पाचशेच्या वर स्कोअर घेऊन ताटकळतायत. काल कट्ट्यावर आला तोच "बोंज्यूर" करत, वर आम्हाला लेक्चर, की टीईएफला, म्हणजे त्या फ्रेंचच्या परीक्षेला, चारही पेपरात सात लेव्हल आली की पीआर खिशात, मग डायरेक्ट ब्रॅम्प्टन, टोरांटोजवळचं ते पंजाब्यांनी भरलेलं गाव.

"ब्रॅम्प्टनला फ्रेंच कोणाशी बोलणारेस? पंजाब्यांशी?" अन्याने चहा फुंकत विचारलं. अन्या बरीच वर्षं ऑटवात राहून आलाय.

"बोलायचंय कशाला? आणि क्वेबेकला, म्हणजे त्यांच्या फ्रेंच राज्यात, राहणार म्हटलं तर या ड्रॉमधे घेतच नाहीत."

"मग क्वेबेकच्या बाहेर फ्रेंच हवंय कोणाला?" बंड्या लगेच सरसावला. बंड्याकडे सगळ्याचं एकच उत्तर असतं. "भाषा म्हणजे मार्केट रे. चालत नसेल तर एक्झिट घ्यायची." हे कोण सांगतंय, तर ज्याने एक मेलेला शेअर गेली कित्येक वर्षं 'वर येईल' म्हणून छातीशी धरलाय.

"शेजारच्या एकट्या ऑन्टारिओ राज्यात सहा लाखाच्या आसपास लोक आहेत फ्रेंचवाले," अन्या म्हणाला, "सडबरी, हर्स्ट, ऑटवा, आणि ते काही परवा विमानातून उतरलेले नाहीत. 1912 ला तिथल्या सरकारने नियम काढला, सतरा नंबरचा. पहिली-दुसरीनंतर फ्रेंचमधून शिकवायचं नाही. ऑटवात गीग नावाची शाळा होती, तिथे देलोज म्हणून दोघी बहिणी शिकवायच्या, त्या काही ऐकेनात. 1916 च्या जानेवारीत पोरांच्या आयांनी शाळाच ताब्यात घेतली. पोलीस आले तर ह्या दारात उभ्या, हातात लाटणी, तवे आणि हॅटला खोचायच्या त्या वीतभर लांब सुया. ऑटवातला जानेवारी बरं का, इथे तुम्ही बारा डिग्रीला कानटोपी काढता."

"टोचल्या?" सुन्याचे डोळे चमकले. सुन्या बेळगावचा, त्याला असल्या गोष्टीत भलताच रस.

"पोलीस परत गेले एवढं खरं. आणि त्या नियमामागे कोण, तर ऑरेंज ऑर्डर नावाच्या संघटनेतले कट्टर प्रोटेस्टंट आणि आयरिश कॅथलिक बिशप. एरवी एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, फ्रेंचविरुद्ध मात्र गळ्यात गळे."

"आमच्याकडे पण सेम," सुन्या म्हणाला आणि बोर्डाच्या पाट्यांवर घसरणार तेवढ्यात सगळे ओरडले, कारण तो सुरू झाला की रात्रीचे अकरा.

"मग आता काय आहे तिथे, शाळा?" मी विचारलं.

"फ्लॅट."

"बघ! मार्केट!" बंड्याने टाळी मागितली. कोणी दिली नाही.

"बिल्डिंग गेली रे, शाळा वाढल्या," अन्या म्हणाला. "1927 ला नियम गुंडाळावा लागला. पुढे 1997 ला त्यांचं ऑटवातलं फ्रेंच हॉस्पिटल, मॉन्फोर, बंद करायला निघाले, तर दहा हजार लोक जमले आणि प्रकरण कोर्टात जिंकले. 2018 ला ऑन्टारिओच्या मुख्यमंत्र्याने, डग फोर्डने, फ्रेंच युनिव्हर्सिटी रद्द केली, तेव्हाही आपले हिरवे-पांढरे झेंडे घेऊन रस्त्यावर. 2021 ला सुरू झाली शेवटी. आणि गंमत म्हणजे इंग्रजीवाले आईबापच आता पोरांना इमर्शनला, म्हणजे फ्रेंचमधून विषय शिकवतात त्या वर्गांना, घालायला धडपडतात."

"म्हणजे आपलं सेमी-इंग्लिश, उलटं," सुन्या.

शिऱ्या जरा हिरमुसला होता. "अरे पण त्यांनाच माणसं हवीयेत ना? फ्रेंचवाल्यांचा टक्का घसरतोय म्हणून तर आम्हाला बोलावतायत."

मुद्दा खरा होता, मला तरी पटला. पण अन्या सोडतोय होय. "त्यांना पोरं फ्रेंच शाळेत घालणारी माणसं हवीयेत. तू दहावीला संस्कृत स्कोअरिंग म्हणून घेतलंस, पैकीच्या पैकी आणलेस, म्हण बरं एक सुभाषित."

शिऱ्या गप्प. मग म्हणाला, "उदये सविता..." आणि पुढे अडला तो अडलाच. सुन्याच्या नाकातून चहा आला.

"बरं, तोंडी परीक्षेत काय असतं?" मी विषय बदलला.

"जाहिरातीबद्दल प्रश्न विचारायचे, आणि दुसऱ्या भागात मित्राला एखादी गोष्ट पटवायची."

"कर सुरू," अन्या म्हणाला. "बंड्याला पटव. आजचे चहाचे पैसे त्याने द्यायचे. फ्रेंचमधे."

शिऱ्या उभा राहिला, घसा खाकरला, "मोनामी बंड्या, सिल तू प्ले..." एवढ्यात बंड्याने गाडीला किक मारली पण. "मार्केट नाही रे त्या भाषेला!" म्हणत गेला सुद्धा.

पैसे शिऱ्यानेच दिले, भैयाला हिंदीत सुट्टे मागून.