नुसत्या सायकलवर चालत नव्हती ती सेवा

युद्धोत्तर ब्रिटनचा दाखला देणारा एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे: ‘तिथे सरकारने १९४८ साली घरोघरी नर्स पाठवायला सुरुवात केली. एक सायकल, एक बॅग, एक मायाळू बाई. रुग्णाला पुसून काढायचं, धीर द्यायचा, झालं. घरात निर्जंतुक काही नव्हतंच, व्यवस्थापन तर नाहीच. आपणही असंच सुरू करू.’ हेतू चांगला आहे. पण या भरवशावर कोणी सेवा उभारली, तर इजा रुग्णाला होईल.

‘१९४८ साली सुरुवात.’ नाही. विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने लिव्हरपूलमध्ये १८५९ सालीच गरिबांच्या घरी पगारी परिचारिका पाठवली होती. ५ जुलै १९४८ पासून ही सेवा पुरवणं काउंटी कौन्सिलांवर, म्हणजे स्थानिक प्रशासनांवर, बंधनकारक झालं आणि रुग्णासाठी ती मोफत झाली, एवढंच. अनेक ठिकाणी काम आधीपासून परिचारिका पाठवणाऱ्या स्थानिक मंडळांकडेच राहिलं.

‘पुसणं आणि धीर देणं.’ अंग पुसणं होतंच, आणि ते हलकं काम नव्हे. पण सकाळची पहिली फेरी इन्सुलिनची असे, कारण ते न्याहारीच्या आधी द्यावं लागतं. इन्सुलिन १ मिलिलिटरला २०, ४० आणि ८० युनिट अशा ताकदीत मिळे, आणि सिरिंजवर १ मिलिलिटरला २० रेघा असत. म्हणजे एक रेघ कधी १ युनिट, कधी २, कधी ४. ‘१६’ एवढंच लिहून दिलेलं असेल आणि बाटली ८० ची असेल, तर १६ युनिट म्हणजे ४ रेघा. १६ रेघा ओढल्या तर ६४ युनिट, चौपट डोस. रुग्ण बेशुद्ध पडणार. म्हणून युनिट, ताकद आणि रेघा, तिन्ही नोंदवायच्या. ‘धीर द्यायचा, झालं’ म्हणणाऱ्यांनी एवढा एक हिशेब करून पाहावा.

‘घरात निर्जंतुक काही नव्हतंच.’ तेव्हाचा शिरस्ता असा होता: बॅग जमिनीवर किंवा पलंगावर ठेवायची नाही. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर. आधी हात धुवायचे, मगच बॅगेत हात. काचेची सिरिंज सुटी करून, कापडात गुंडाळून, गार पाण्यातच ठेवायची आणि पाणी उकळू लागल्यावर पाच मिनिटं मोजायची. थेट उकळत्या पाण्यात टाकली की काच तडकते; पाणी जड असेल तर क्षार बसून दट्ट्या अडकतो. सिरिंज स्पिरिटमध्ये ठेवत असतील, तर औषध ओढण्याआधी आतला स्पिरिटचा थेंबन् थेंब बाहेर काढायचा. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरचं इंजेक्शन हाताळून परिचारिकांच्या हातांवर त्वचादाह उठे, म्हणून तिथे हातमोजे.

‘व्यवस्थापन नव्हतं.’ मग फेऱ्यांचा क्रम कोण लावत होतं? बाळंतीण आणि स्वच्छ जखमा आधी, पू असलेल्या शेवटी. ग्रामीण भागात तीच बाई सुईणही असे. रात्रभर प्रसूतीला थांबली तरी सकाळचं इन्सुलिन थांबत नाही, म्हणून बदली परिचारिका आधीच ठरलेली लागते. बेडपॅन, रबरी चादर, हवेची गादी उसनी देण्याचा साठाही सांभाळावा लागे. रबरी चादर घडी घालून ठेवली की घडीवर चिरते; ती पावडर लावून गुंडाळून ठेवायची. हवेची गादी गच्च फुगवली तर ती स्वतःच अंगाला रुतते.

आणि परिचारिका घरात असे दिवसाचा जेमतेम तासभर. उरलेल्या वेळात रुग्णाला कुशीवर वळवणं घरच्यांच्या हाती, म्हणून ते त्यांच्याकडून आपल्यासमोर करून घेतल्याशिवाय ती निघत नसे.